कळपाचं औषध

आधी माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. कॉलेजात पोचलेला मी पहिलाच. आणि गोळ्यांबद्दल बोलायचा अधिकार डॉक्टरांचा, माझा नाही. तरी गावाकडे राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारखं शहरात आलेल्यांसाठी हे लिहितो आहे. चुकलं तर समजून घ्या.

सांगोल्याजवळच्या आमच्या वस्तीवरून निघालो, तेव्हा फाट्यावर आई आणि वैनी माझ्याबरोबर एसटीची वाट बघत उभ्या होत्या. दादा मेंढरं घेऊन लांब गेला होता. आई म्हणाली, "तितं कुणी आग्रह करनार न्हाय. पोटभर खा." वैनी पोटुशी होती. हसत म्हणाली, "भावजी, परत याल तवा इंग्रजीत भाकरी मागू नका म्हंजे झालं. आमाला काय दगड कळनार!"

सोलापुरात शुक्रवार पेठेत तिघांत एक खोली घेतली. दुसऱ्या वर्षी माझं अंथरुणातून उठणंच बंद झालं. लेक्चर, सबमिशन, आंघोळ, सगळं राहिलं. कॉलेजच्या एका मॅडमनी मला दवाखान्यात नेलं. पहिल्या गोळीने तोंड कोरडं पडायचं, वर्गात बसल्या बसल्या डोळे मिटायचे. डॉक्टरांनी ती बदलून दुसरी दिली. काही आठवड्यांनी एका सकाळी खालच्या हॉटेलातल्या चहाचा वास आला आणि प्यावासा वाटला. एवढंच. पण मला ते फार मोठं वाटलं.

दिवाळीला घरी गेलो. वैनीचं बाळ जन्मतःच गेलं, त्याला वर्ष होत आलं होतं. ती भाकऱ्या थापायची, शेळ्यांच्या धारा काढायची, पण बोलायची नाही. हाक मारली तर उशिरा वळायची.

माझी पिशवी आवरताना आईला गोळ्या सापडल्या; चालू असलेल्या, आणि आधीच्या उरलेल्याही.

"कशाच्या रं ह्या?"

"मन बसलं हुतं, आये. त्याच्या."

आमच्याकडे मेंढरू आजारी पडलं की त्याला औषध पाजतात, आणि ते रवंथ करायला लागलं की बंद करतात. उरलेलं टाकत नाहीत. कळपात दुसरं कुणी मान टाकून उभं असेल, त्याला देतात. आईने माझ्या ताटाकडे बघितलं. "रवंथ करतुयास की आता. बास कर." मलाही पटलं. गोळ्या घरीच ठेवून आलो.

सोलापुरात परतल्यावर डोळे वळवले की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं. रस्त्यात मध्येच रडू फुटायचं. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, बरं वाटत होतं ते गोळी चालू होती म्हणून. बंद करायची तर मला विचारून, हळूहळू. मी पुन्हा सुरू केली.

आईला फोनवर हे सांगितलं. तिने विचारलं, "मंग तुझ्या वैनीचं बी तसंच झालंय व्हय?"

माझ्या उरलेल्या गोळ्या ती वैनीला देत होती. वैनी बोलायला लागली होती, एकदा तर हसलीही. म्हणून आईने गोळ्या थांबवल्या. आता वैनी भिंतीकडे तोंड करून पडून होती.

"तिला लगेच हिकडं आन, आये. मी डॉक्टरांना सांगून ठेवतो."

ठरलेल्या दिवशी मी स्टँडवर उभा राहिलो. सांगोल्याच्या गाड्या आल्या, रिकाम्या झाल्या. संध्याकाळी आईचा फोन लागला. आदल्या दिवशीच वैनीचा भाऊ तिला माहेरी घेऊन गेला होता. "तुज्या गोळ्यांनी आमच्या पोरीचं डोस्कं फिरलं, म्हनला. लई बोलला." दादाला फोनवर कळवलं, तर तो मेंढरांमागून म्हणाला, "मी आलो की आनतो तिला."

मी तिच्या माहेरी फोन करत राहिलो. माझा आवाज ऐकला की ते ठेवून द्यायचे.

पूर्वी घर म्हणजे मला परत जायची जागा होती. आता घर म्हणजे फोन वाजला की छातीत होणारी धडधड. मी रोज गोळी घ्यायचो, आणि तिकडे वैनीला कुणी काही देत असेल का, हे विचारायला मला माणूस सापडत नव्हता.

परवा आईने फोन केला. आवाज अगदी सपाट होता.

"वैनी गेली रं. माती बी कवाच झाली म्हनं. आमाला बाजारात एका बाईनं सांगितलं. कशानं गेली, ते तिला बी ठाव न्हाय. दादाला अजून कुणी बोललं न्हाय. तू सांगशील का?"