पदमपुऱ्यातली थाप्यांची भिंत

छत्रपती संभाजीनगरच्या स्टेशनवर उतरले तेव्हा अंगात अजून गाडीचे धक्के होते आणि पाय पुढे ओढत होते. मला एका जागी बसवतच नाही. पुण्यात इतकी भाड्याची घरं बदलली आहेत, की कुणी पत्ता विचारला तर क्षणभर आठवावा लागतो.

आधी एका वारसाफेरीत सामील झाले. वाटाड्या शहराचे जुने दरवाजे एकामागून एक दाखवत होता. हबशी सरदारानं गाव वसवलं, मग मुघल आले, त्यांच्यासोबत राजपूत, त्यांच्या छावण्यांचे पुरे, म्हणजे वस्त्या, झाल्या. सगळे बाहेरून आलेले आणि सगळे सरदार!

"त्यांच्या बायका कुठे राहिल्या?" मी विचारलं.

"त्याची माहिती नाही, मॅडम."

मी फेरीतून सटकले. शहागंजात उभ्यानंच नान-कलिया (तंदूरचा नान आणि मटणाचा पातळ, हळदीचा रस्सा) खाल्लं, घाईत जीभ भाजून घेतली आणि रिक्षानं पदमपुऱ्यात आले.

एका जुन्या घरासमोर चपलेतला खडा काढायला भिंतीला हात टेकवला, तोच आतून आवाज आला, "ओ बाई, हात काढा आधी!"

दाराशेजारी छज्ज्याखाली पिवळे पंजे उमटलेले होते, काही ठळक, बरेचसे पुसट. त्यांच्यावरून तांबडी रेघ ओढली होती. रस्ता रुंद व्हायचा होता आणि रेघ मारलेला घराचा पुढचा भाग पाडला जाणार होता.

ओरडल्या त्या घरच्या सुमनबाई. मी माफी मागितल्यावर निवळल्या. "थापे हायत ते. आमची माणसं बिकानेरकडून फौजेसंगं आली. सून दारात आली की हळदीचा हात उमटवती, मगच उंबरा. दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाय तिथं."

त्यांच्या मुलाचं लग्न वैशाखात होतं. भिंत त्याआधीच पडणार होती.

मी भयंकर चिडले. दरवाज्यांना फलक आणि या भिंतीला तांबडी रेघ! "कापून ठेवता नाही येणार?"

"गवंड्याला इचारलं. मातीची हाय, भुगा व्हतोय." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "लई जीव तुटतो. माझा बी हात हाय त्यात."

"मग सून कुठं हात उमटवणार?"

त्यांनी मागं उभी राहत असलेली विटांची भिंत दाखवली. "तिथं. पहिली बाई आली तवा बी भिंत कोरीच असंल की."

चहा झाला. निघताना त्यांनी विचारलं, "तुमचं घर कुठं?"

"पुण्यात. पण भाड्याचं आहे."

"राहता ना तिथं? मग झालं."

परतीच्या बसमध्ये मला रडू आलं, आणि ते का, हे शेजारच्या बाईंना सांगता येईना.

आमच्या घरमालकानं भिंतीला खिळा मारायचीही बंदी केली आहे. घरी आले, वाटीत हळद कालवली आणि बाहेर जाऊन दाराशेजारी हात उमटवला. मग तो न धुताच उंबरा ओलांडून आत आले.