द्राक्षाच्या घडाला गुंडाळलेला निबंध

माझ्या लेखनाचं पहिलं जाहीर वाचन झालं ते दिंडोरीजवळच्या एका द्राक्षबागेत, आणि तेही मला न विचारता. आमच्याकडे ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे, की मी नुसतं "तेव्हा काय झालं," म्हटलं तरी माझी लेक "बंगल्याचीच ना?" म्हणते आणि मोबाईल घेऊन दुसऱ्या खोलीत जाते. म्हणून यावेळी लिहूनच काढते. कागद कुठे उठून जात नाही. निदान तशी माझी समजूत आहे, जरी या गोष्टीत नेमका कागदच उठून गेला होता.

नव्वदीतली गोष्ट. मी आठवीत होते. दिंडोरी रोडला शहर संपून शेतं लागतात तिथे आमच्या पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. आईबाबा पेठ तालुक्यातलं गाव सोडून नाशकात आले, बाबा बांधकामावर लागले आणि एक दिवस परांचीवरून पडले. पाय जुळला, पण वाकडा जुळला. पुढे त्यांना गंगापूर रोडच्या एका बंगल्यावर दिवसपाळीचं वॉचमनचं काम मिळालं. मधल्या काळात आई बागांच्या कामाला जाऊ लागली आणि सातवीतल्या ताईला सोबत घेऊन गेली. "एवढा एक हंगाम," असं आई म्हणाली होती. आता द्राक्षाचं कसं असतं, छाटणी झाली की विरळणी, विरळणी झाली की कागद लावणं, मग तोडणी, आणि तोडणी संपते न संपते तोच पुन्हा छाटणी. तो एक हंगाम अजून संपायचा होता. ताई सतरा वर्षांची झाली होती.

कागद लावणं म्हणजे काय ते सांगते. थंडीत घडात पाणी उतरायला लागलं की उन्हाने मणी गुलाबी पडतात, आणि तसला माल बाहेरदेशी कोणी घेत नाही. म्हणून प्रत्येक घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळायचा आणि वरून स्टेपलर मारायचा. टक. पुढचा घड. टक. मीही रविवारी जायचे, पण बायकांमध्ये माझी वेगळीच ख्याती होती. हातात कागद आला की मी तो वाचायचे. ताईच्या दोन ओळी लावून व्हायच्या तोवर मी कुठल्या तरी जुन्या अंकातल्या नवऱ्या-बायकोच्या भांडणात अडकलेली असायचे.

"घडाला वाचून दाखवतीस का गं?" आई ओरडायची. "लाव की कागद!"

"राहू दे, राहू दे," मुकादमीण मावशी म्हणायच्या. "द्राक्षं शिकली तर भाव लय येईल."

त्या वर्षी शाळेत 'माझे कुटुंब' हा निबंध आला आणि मी आमच्या कुटुंबाला बंगल्यात राहायला नेलं. बाबांच्याच बंगल्यात. डबा द्यायला मी तिथे गेटपर्यंत जायचे, त्यामुळे बाहेरचं वर्णन तपशीलवार होतं: पांढरे खांब, बोगनवेल, पितळी अक्षरांची पाटी, उजवा कान मोडलेला कुत्रा. आत मी कधी गेले नव्हते. त्यावर एकच वाक्य होतं, 'आमचे घर आतूनही फार सुंदर आहे.' बाबांना मी साहेब केलं. आई घरीच असायची आणि तिचे हात मऊ होते.

ताईलाही मी बंगल्यात बसवून पाहिलं. पण सतरा वर्षांची मुलगी बंगल्यात राहते म्हणजे ती कॉलेजात जायला हवी, आणि कॉलेजबद्दल मला काही ठाऊक नव्हतं. बराच वेळ पेन चावलं. मग सोपं पडेल म्हणून तिला काढूनच टाकलं. 'मी आईवडिलांची एकुलती एक मुलगी आहे.' एका वाक्यात काम झालं.

बाईंना निबंध एवढा आवडला, की तो स्नेहसंमेलनात पालकांसमोर वाचायचा असं ठरलं. आईने त्या दिवसाचा खाडा आधीच सांगून टाकला. "माझी पोर ष्टेजवर बोलणार हाय," हे तिने बागेला नेणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतल्या प्रत्येक बाईला दोनदा ऐकवलं. ताईने विचारलं, "काय लिहिलंयस गं?"

"असंच. घराबद्दल."

"मी आहे का त्यात?"

"सगळे आहेत," मी म्हणाले.

पक्की प्रत बाईंकडे होती. कच्ची मी फाडून चुलीत घालायला हवी होती. पण स्वतःच्या लेखनावर तेव्हाही माझं भलतंच प्रेम. ती मी ट्रंकेखाली अंथरलेल्या वर्तमानपत्रांच्या घडीत लपवली.

संमेलनाच्या आदल्या आठवड्यात बागेतली रद्दी कमी पडली. मुकादमीण मावशींनी सगळ्यांना सांगितलं, घरातले असतील तेवढे जुने कागद घेऊन या. रविवारी मी अर्धवट झोपेत ट्रॉलीत चढले, तेव्हा ताईच्या मांडीवर कागदांचा गठ्ठा होता. तो कुठून आला हा विचार माझ्या डोक्याला शिवला नाही. द्राक्षबागेत कागद वाचणारी मी एकटीच आहे, असाही माझा समज होता.

दहाच्या सुमारास पलीकडच्या ओळीतून ताईचा आवाज आला. "अगं, हे तर तुझं अक्षर!"

मी वेलींखालून वाकून पलीकडे पोचेपर्यंत तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केलीही होती. ताई सुरेख वाचायची. शाळेत कविता म्हणायला तिलाच उभं करायचे. बंगला आला तशा बायका हात थांबवून जवळ आल्या. बाबा साहेब झाले तेव्हा आईने डोक्यावरचा पदर सावरला, साहेबीण होऊन. आणि मऊ हातांवर तर हास्याचा नुसता स्फोट झाला.

"दाखव गं, बघू मऊ हात!" एक मावशी म्हणाली.

आईने तळहात तिच्या गालावर घासला.

"अगं आई गं! कातडं काढलं माझं!"

मला वाटलं, निभावलं. सगळ्या हसताहेत, आई हसतेय. मग ताई म्हणाली, "मी आईवडिलांची..." आणि थांबली.

"आईवडिलांची काय?" आईने विचारलं. आईला वाचता येत नव्हतं.

ताईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात आपला नंबर चुकून दुसऱ्याला गेला की माणूस यादीकडे पुन्हा बघतं, तसं.

"लाडकी मुलगी आहे," तिने वाचलं. "संपलं इथंच."

मग तिने तो कागद नीट उलगडला, समोरच्या घडाला गुंडाळला आणि स्टेपलर मारला. एका घडाला एकच पिन पुरते. तिने दोन मारल्या.

त्या आठवड्यात ताई माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती रोज पहाटे बागेला निघण्याआधी माझ्या वेण्या घालायची आणि घालताना केस ओढायची. मी किंचाळायचे, ती "हल मग अजून," म्हणायची, असा आमचा दिवस सुरू व्हायचा. त्या आठवड्यात तिने एकदाही केस ओढले नाहीत. कुणा पाहुण्याच्या मुलीच्या घालाव्यात तशा हलक्या हाताने घालायची.

शेवटी मीच म्हणाले, "ताई, ते चुकून झालं."

"चुकून? एवढ्या सुवाच्य अक्षरात?"

"संमेलनाला येशील ना?"

तिने रिबिनीची गाठ बांधली. "एकुलत्या एकीकडे मी कोण म्हणून येऊ?"

संमेलनाच्या दिवशी आईबाबा तासभर आधी येऊन दुसऱ्या रांगेत बसले. ताई बागेला गेली होती. माझं नाव पुकारलं, तेव्हा पहिल्या दोन ओळी मी कागदाकडे न बघता, पाठांतरावर म्हटल्या. बंगल्याच्या वर्णनाला बाबा मान डोलवत होते. घरी आल्यावर ते म्हणाले, "कुत्रं बरोबर उतरलंय." मऊ हातांपाशी मी आले तशी आईने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि ऐटीत बसली.

तेवढ्यात मांडवाच्या पार मागे, खांबाला टेकून उभी असलेली ताई दिसली. बागेतून तशीच आलेली, डोक्याला रुमाल बांधलेला.

कागदावर पुढचं वाक्य होतं. मी ते वाचलं नाही.

"मला एक मोठी बहीण आहे," मी म्हणाले. आणि मग लिहिलेलं काहीच नव्हतं, तर तोंडाला येईल ते बोलत गेले. "ती माझ्या आधी उठते. माझ्या वेण्या घालते. घालताना केस ओढते. सातवीपर्यंत तिचा नंबर माझ्यापेक्षा वर असायचा. मग ती बागेच्या कामाला जाऊ लागली, म्हणून मी शाळेत येते. तिचा आवाज माझ्यापेक्षा चांगला आहे. हा निबंध तिने वाचला असता तर तुम्हाला जास्त आवडला असता."

मग नमस्कार करून खाली उतरले. बंगल्यात राहणाऱ्या साहेबाची मुलगी बागेत कामाला कशाला जाते, याचा खुलासा निबंधात कुठेच नव्हता. त्यामुळे टाळ्या पडल्या त्या जरा गोंधळलेल्या होत्या. बाई म्हणाल्या, "शेवटी काय घोळ घातलास गं?" बक्षीस बोगनवेलीचं चित्र काढणाऱ्या एका मुलाला मिळालं. मी मागे गेले, तर खांबापाशी कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ताईपुढे पाठ करून बसले. तिने कंगवा फिरवायला घेतला. मग तिने विचारलं, "बंगल्यात मला खोली कुठली दिलीस?"

"आतलं मला माहीत नाही गं. मी गेटपर्यंतच गेलेय."

"मग तूही गेटवरच बस. बाबांना सोबत होईल," ती म्हणाली आणि तिने असे केस ओढले, की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"अगं आई गं!" मी किंचाळले.

"हल मग अजून," ताई म्हणाली.