ग्वाल्हेरच्या पात्यांची पारख

ग्वाल्हेरचं तिकीट काढलं ते किल्ला बघायला नव्हे, बाणाची पाती पारखायला. माझी मुलगी कॅनडात असते. जावई तिथे परवाना काढून धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतो. ते मांस त्यांना हिवाळाभर पुरतं. गेल्या वर्षी पातं हाडावर वाकलं आणि जखमी हरीण पळालं. दोघांनी दिवसभर शोधलं, सापडलं नाही. ते कुठे तडफडून मेलं असेल, या विचाराने मुलीची झोप उडाली. यंदा खात्रीची पाती नसतील तर धनुष्य घरात नको, असं तिने नवऱ्याला सांगून टाकलं. जावयाने कुठून तरी ग्वाल्हेरच्या एका कारागिराचं नाव काढलं. मी तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होतो. माझा विश्वास पोलादावर, विकणाऱ्यावर नाही.

कारागिराचं दुकान खासगी बाजार नावाच्या पेठेत होतं. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याने तिथे नेतो म्हणून आधी नया बाजार फिरवून आणला. मुद्दामच, असं मी धरून चाललो. नाश्त्याला बेडई (डाळीचं सारण भरलेली पुरी) खाल्ली. तेल कालचं असावं असा दाट संशय आला, तरी दुसरी मागवली.

कारागीर मोरेकाका सत्तरी ओलांडलेले. त्यांचे पूर्वज दख्खनमधून फौजेबरोबर इकडे आलेले. त्यांनी आधी माझीच उलटतपासणी घेतली.

"हिरण कुठे मारणार तुम्ही? इथे तो बंदी आहे. असल्या लोकांना मी माल देत नसतो."

मी मोबाइलवर जावयाचा परवाना दाखवला. तो दोनदा वाचून त्यांनी बारा पात्यांचा डबा पुढे केला. सगळी दुधारी, अखंड. मिटणारी-उघडणारी पाती ते करत नाहीत. बिजागरी ऐन वेळी अडकली तर जनावराचे हाल होतात, म्हणाले. हे मला पटलं, आणि म्हणूनच संशय वाढला.

ते चहा सांगायला आत गेले. तेवढ्यात मी खिशातली बारीक कानस काढून एका पात्याच्या धारेवर दाबली. कानस घसरली, म्हणजे पोलाद कडक, अस्सल होतं. पण जोर जास्त झाला आणि धारेचा राईएवढा कपचा उडाला. पातं मी गुपचूप डब्यात ठेवलं.

काका परत येऊन एकेका पात्याने वर्तमानपत्राचा कागद कापून दाखवू लागले. सातव्याला कागद अडकून फाटला. त्यांनी धारेवर बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पाणी चुकलं, म्हणाले. म्हणजे तापलेलं पोलाद विझवताना ते ठिसूळ झालं. त्यांच्या घरची रीत अशी की एका भट्टीतलं एक पातं फुटकं निघालं तर सगळीच मोडायची. त्यांनी पहिलं पातं व्हाइसच्या पकडीत धरून हातोडीने तोडलं. मग दुसरं. मी चहा पीत राहिलो. तिसरं पकडण्याआधी त्यांनी ते उजेडात धरून धारेवर पुन्हा बोट फिरवलं आणि मला माझीच लाज वाटली.

"काका, ते पातं मी बिघडवलं. कानस लावून बघितली."

त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"आधी बोलायचं होतं नं," ते म्हणाले. "मला लागलं की माझ्या हातातलं कसब गेलं."

उरलेली नऊ पाती त्यांनी कापडात बांधून दिली. मी माफी मागितली. ते मोडलेले तुकडे गोळा करायला लागले. परतीच्या गाडीत मला जेवण गेलं नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या मालात खोट शोधली, आणि एका म्हाताऱ्याला त्याच्याच हातांबद्दल शंका घ्यायला लावून आलो.

भोपाळ मागे पडल्यावर मुलीचा फोन आला.

"बाबा, भरवसा ठेवू ना?"

"पात्यांवर ठेव," मी म्हणालो.