अध्यक्षांच्या मातोश्रींचं लुगडं

आमच्या संग्रहालयात अध्यक्षांच्या तेरा खुर्च्या आहेत. ते कशाचे अध्यक्ष होते हे विचारू नये. कशाचे नव्हते ते सांगणं सोपं. दूध संघ, शिक्षण संस्था, कुस्ती कमिटी. झालंच तर सीमाप्रश्नाची एक समिती, जिचे ते मराठी येळ्ळूरला गेले की अध्यक्ष असायचे आणि बेंगळूरला गेले की नसायचे. ते वारल्यावर चिरंजीवांनी निपाणीच्या अलीकडे हायवेला लागून स्मारक बांधलं. वर कन्नड पाटी, खाली मराठी, आणि आत मी. ग्रंथपाल मी, वस्तू सांभाळणारा मी, जाताना पंखे बंद करणाराही मीच.

ग्रंथालयात अध्यक्षांना भेट मिळालेली पुस्तकं आहेत. एकही उघडलेलं नसल्यामुळे सगळी उत्तम स्थितीत आहेत. जयंतीला वक्तृत्व स्पर्धा होते. विषय दरवर्षी अध्यक्षच असतात, आणि पहिला नंबर विश्वस्तांच्या नातवंडांत फिरत राहतो.

उद्घाटनाला आठवडा उरला तेव्हा सचिवांच्या लक्षात आलं, की अध्यक्षांची गरिबी कुठंच दिसत नाही. घड्याळं होती, खुर्च्या होत्या, कपाटभर शाली होत्या. गरिबी तेवढी राहिली होती.

"मातोश्रींचं एखादं जुनं लुगडं पायजे," सचिव म्हणाले. "घरच्यांनी हुडकलं, गावंना. तुमी वडगावचं, इणकराच्या घरातलं. तुमच्याकडं असंल की. उद्घाटन झालं की परत न्या."

मी आणून दिलं. हा गाढवपणा सर्वस्वी माझा. आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, हातमागावर विणलेलं ते शेवटचं लुगडं. डाळिंबी रंगाचं, खास आईसाठी. तोवर अण्णांची नजर अधू झाली होती, म्हणून पदरावरच्या फुलांत एक फूल तिरकं बसलं होतं. मग माग मोडीत निघाला आणि वर्षभरात अण्णाही गेले. ते लुगडं आईनं ट्रंकेत तळाशी ठेवलं होतं.

उद्घाटन दणक्यात झालं. मी लुगडं मागायला गेलो, तर सचिवांनी रजिस्टर पुढं सरकवलं. लुगड्याला नंबर पडला होता. नंबर पडलेली वस्तू विश्वस्तांच्या ठरावाशिवाय बाहेर जात नाही, ठराव बैठकीशिवाय होत नाही, आणि जेवणाची सोय असल्याशिवाय बैठकीला कुणी येत नाही. शिवाय तिरक्या फुलाला आता गोष्ट चिकटली होती. पदर काचेमागे पुढं पसरलेला असायचा. सचिव काचेवर बोट टेकवून पाहुण्यांना सांगायचे, "माउलीनं स्वतःच्या हातानं हे विणलं. हे फूल बघा. डोळ्यांत पाणी आलं आणि इथं हात वाकडा गेला." पाहुणे हात जोडायचे. अध्यक्षांच्या घरात मागाला कुणी कधी शिवलंही नव्हतं. त्यांची तंबाखूची वखार होती.

रविवारी वडगावला घरी गेलो की मी आईला सांगायचो, ठराव होणार आहे.

"आरं, तुझ्या अण्णांचं हात हाईत त्येच्यात," ती म्हणायची. "मी गेल्यावर आणणार हाईस व्हय?"

मला मान वर करवायची नाही. माझी मलाच लाज वाटायची.

शेवटी तिनंच वाट काढली. लुगडं महिनोन्महिने एकाच घडीवर ठेवलं की घडीवरच विरतं, हे कुठल्याही विणकराच्या घरात माहीत असतं. ती बसनं आली आणि सरळ सचिवांपुढं उभी राहिली. "म्हयन्याला घडी बदलाय पायजे बघा. न्हायतर फाटतंय." मातोश्रींचं लुगडं फाटणं संस्थेला झेपणारं नव्हतं. सचिवांनी तिला रीतसर परवानगीचं पत्र दिलं.

दोन महिने ती आली. मी काच उघडायचो, ती घडी बदलायची, तिरक्या फुलावरून बोट फिरवायची आणि जायची. तिसऱ्या खेपेला तिच्या हातात पिशवी होती. पिशवीतून तिनं दुसरं डाळिंबी लुगडं काढलं, पॉवरलूमचं, चार पाण्यांतून काढून जुनं केलेलं. त्याची घडी तिनं आत ठेवली, पदर पुढं पसरला आणि अण्णांचं लुगडं पिशवीत घातलं.

"कुलूप लाव."

"आई, नोकरी जाईल माझी."

"जाऊ दे. माग गेला तवा जगलोच की आपण."

मी कुलूप लावलं. रजिस्टरात 'वस्तू सुस्थितीत' असं लिहून सही केली. नोकरीत इतक्या समाधानानं मी दुसरी सही केलेली नाही.

पुण्यतिथीच्या कार्यक्रमाला आई अण्णांचं लुगडं नेसून आली. सचिव पाहुण्यांना घेऊन काचेपाशी उभे होते. मशिनवरची सगळी फुलं एका ओळीत, कवायतीला उभी असल्यासारखी सरळ. सचिवांचं बोट मात्र नेहमीच्याच जागी टेकलं. "इथं हात वाकडा गेला." पाहुण्यांनी हात जोडले. एका बाईंनी डोळे पुसले.

मग सचिवांचं लक्ष आईकडं गेलं. "आक्का, तुमीबी तसलंच नेसलाय की! पण वरिजिनल ते वरिजिनल. असलं काम आता हुत न्हाय बघा."

आईनं पदर पुढं ओढून घेतला. तिरकं फूल तिच्या मुठीत होतं. तिचे डोळे भरले होते, पण सगळे काचेकडं बघत होते.

"व्हय," ती म्हणाली. "करणारा गेला."