कादंबरीबाई आणि सखूताई

कादंबरीबाईंना मनातल्या मनात वाचणं जमतच नसे. पेपरातली लग्नाची जाहिरातसुद्धा त्या आवाज चढवून-उतरवून वाचत. सुरतेतल्या उधन्याच्या मराठी शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या आमच्या सोसायटीतल्या बायकांना शनिवारी दुपारी घरी बोलावून कादंबऱ्या वाचून दाखवू लागल्या, आणि त्यांचं खरं नाव आम्ही विसरूनच गेलो.

एका उन्हाळ्यात त्यांनी गुलामांच्या आयुष्यावरची जुनी परदेशी कादंबरी काढली. "हे पुस्तक तिकडे घरोघरी असंच वाचलं गेलं," त्या म्हणाल्या. "तोवर माणूस विकत घेणं कित्येकांना रीतीचंच वाटे. वाचल्यावर त्यांना स्वतःच्याच घराची लाज वाटू लागली. कायदा मागाहून आला. आधी मनाला लाज वाटावी लागते."

आमच्यातल्या शुभदाचा नवरा जवळच्याच पांडेसऱ्याच्या एका कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये सुपरवायझर. रातपाळीला कामगार आत आणि कुलूप बाहेरून, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं. तिसऱ्या शनिवारनंतर तिने घरी भांडण काढलं. "सगळीकडे असंच चालतं," नवरा म्हणाला. "तिकडेही तेच म्हणायचे," ती म्हणाली. महिन्याभरात कुलूप निघालं. बाईंना कोण आनंद झाला!

वाचन चालू असताना चहा सखूताई आणत. बाईंच्या लग्नात त्या परभणीहून पाठराखीण म्हणून आल्या, त्या राहूनच गेल्या. बाई सगळ्यांना सांगत, "सखू आमच्या घरचीच." आम्हीही मान डोलवत असू. इतकी वर्षं त्यांच्या हातचा चहा प्यायले, पण त्यांचं आडनाव मला ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी कादंबरीतली मायाळू मालकीण पाहुण्यांना सांगत होती, की ही मोलकरीण मला मुलीसारखी आहे. स्वयंपाकघराच्या दारातून सखूताईंनी विचारलं, "मंग तिला गावाकडं जाऊ दिलं का हो, बाई?"

आम्ही सगळ्या आपापल्या कपांत बघत बसलो. बाईंनी पुस्तक मिटलं आणि त्या म्हणाल्या, "आज इतकंच."

दोन शनिवार त्यांचं दार उघडलं नाही. तिसऱ्या शनिवारी त्यांनी स्वतः चहा केला. साखर जास्त झाली होती. मग पुस्तक हातात न घेता त्या बोलल्या, "सखूची आई गेली, तेव्हा माझ्या मुलीची बारावी होती. मी सखूला गावी सोडलं नाही. गेल्या आठवड्यात तिला विचारलं, तुला काय हवं? म्हणाली, घरी जायचंय. तिला भावाकडे पोचवून आले."

"आणि तुम्ही माफी मागितलीत?" शुभदाने हळूच विचारलं.

"मागितली. ती म्हणाली, 'आईच्या टायमाला सोडायला पाह्यजे होतं.' एवढंच म्हणाली. आणि खरंच आहे ते."

यापुढे वाचायचं धैर्य नाही, असं त्या म्हणाल्या, तेव्हा उरलेली कादंबरी आम्ही आळीपाळीने वाचली. त्या खाली मान घालून ऐकत. सखूताईंना दर महिन्याला पेन्शनमधला वाटा जाई, पण त्याने मन हलकं झालं, असं बाई कधीच म्हणाल्या नाहीत. घरी गेल्यावर मी आमच्या कामवाल्या मावशींना त्यांचं गाव विचारलं. त्या आधी घाबरल्याच.

गेल्या वर्षी कादंबरीबाई गेल्या. मीच परभणीला फोन केला. सखूताई नुसतं "बरं" म्हणाल्या. त्या आल्या नाहीत. त्यांनी यायला हवं होतं, असं आमच्या सोसायटीत कुणीही म्हणालं नाही.