पिसवा आणि वन्संचा उजवा हात

गल्लीत तिला शिवणवाली म्हणूनच ओळखायचे. पुढच्या खोलीत तिचं मशीन, मागच्या खोलीत नणंदेचा पलंग. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. कधीमधी यायचा, जेवायचा, झोपायचा आणि बहिणीची विचारपूस करून निघून जायचा. वन्संची डावी बाजू लुळी पडली तेव्हापासून त्यांचं सगळं हिच्याच गळ्यात होतं. घर वन्संचं, हुकूम वन्संचे, आणि पायाशी वेटोळं करून झोपणारा बोकाही वन्संचाच.

पिसवा आल्या त्या बोक्याबरोबर. आधी हिच्या घोट्यांवर लाल ठिपके उठले. मग एक दिवस कापायला पसरलेल्या पांढऱ्या कापडावरून काळा कण टुणकन उडाला. कापड नवरीच्या पोशाखाचं होतं. शिवणवालीच्या घरात पिसवा झाल्यात, एवढं बाहेर फुटलं असतं तर कुणी रुमालसुद्धा शिवायला टाकला नसता.

फवाऱ्याचं औषध मारलं की खोली दिवसभर बंद ठेवावी लागते. मग वन्संना हलवणार कोण आणि नेणार कुठे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार! तिने दार अर्धंच उघडायला सुरुवात केली. मापं उंबऱ्यावर घ्यायची, "आत पसारा आहे हो," म्हणायचं.

आत मात्र लढाई चालू होती. फरशीच्या फटींत बारीक मीठ भरायचं, दुसऱ्या दिवशी झाडून केर पिशवीत बांधून लगेच बाहेर टाकायचा. संध्याकाळी दिव्याखाली ताटलीत साबणाचं पाणी ठेवायचं. उजेडाकडे उडी मारणाऱ्या पिसवा त्यात बुडायच्या. शिवून झालेला कपडा कडक इस्त्री करून डब्यात बंद. सकाळी ताटलीत मेलेल्या पिसवा पाहून तिला बरं वाटायचं, आणि दुपारपर्यंत पाय पुन्हा खाजायला लागायचे.

"बोक्याला थोडे दिवस बाहेर ठेवू या का?" तिने एकदा विचारून पाहिलं.

"मग मलाही ठेव," वन्सं म्हणाल्या. विषय संपला.

नवरीची आई अंगावर घालून बघायला मुलीला घेऊन आली, ती सरळ आत घुसली. "दारात कपडे बदलायचे की काय आम्ही?" थोड्या वेळाने ती वाकून घोटा खाजवू लागली, तेव्हा पायावरून एक पिसू उडालेली तिने पाहिली. जाताना कापड घेऊन गेली.

त्या दुपारी वन्संचे कपडे बदलताना शिवणवालीचे हात रागाने चालले होते. वन्संनी उजवा हात आखडून धरला. हिने बाही ओढलीच. मनगटापासून दंडापर्यंत गांधी उठलेल्या. काही भिंतीला घासून सोललेल्या. वन्संचा चालता हात तेवढा एकच. त्यालाच खाज सुटली तर खाजवणार कशाने?

"अहो, किती दिवस झाले हे? बोलायचं नाही का?"

"तू बोका घालवला असतास." मग हळूच म्हणाल्या, "तू दिवसभर मशीनवर. तोच तर असतो माझ्याजवळ."

आपला राग आता कुठे ठेवावा ते तिला कळेना. तिने फडकं गार पाण्यात भिजवून त्या हातावर धरलं.

दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या सुताराकडे गेली. "दादा, घरात पिसवा झाल्यात. वन्संना उचलून ओट्यावर बसवायचंय."

"एवढंच होय? आमच्याकडेही झाल्या होत्या की! बायको म्हणाली, कुणाला सांगितलंत तर बघा."

वन्संना खुर्चीसकट बाहेर आणलं. गादी उन्हात टाकली, चादरी उकळत्या पाण्यात. पलंग सरकवला तर मागे बोक्याच्या केसांचा थरच्या थर. खरी खाण तिथेच होती. बोक्याला साबणाच्या पाण्यात बुचकळून बारीक फणीने विंचरलं, तेव्हा त्याने सुताराचे हात ओरबाडले, आणि वन्सं अर्ध्या तोंडाने खदखदा हसल्या.

पिसवा एकदम गेल्या नाहीत. ऊन, मीठ, फणी चालूच ठेवावं लागलं. सकाळी ताटलीत एकही पिसू न दिसायला दोनेक महिने गेले. नवरीचं कापड परत आलं नाही. बाकीची गिऱ्हाइकं टिकली.

मशीन मात्र तिने मागच्या खोलीत हलवलं. तिथे खिडकी नाही, दिवसाही दिवा लावावा लागतो. वन्सं पलंगावरून टाक्यांवर नजर ठेवून असतात. "वाकडा गेला बघ," म्हणतात. तो वाकडा गेलेला असतोच. ती मुकाट्याने उसवते.