कॅमेऱ्यात फुंकर मारू नका!

दादरला आम्ही फोटोवाले रविवारी चहाला जमतो. कॅमेरे भारीतले, अक्कल हप्त्याने येतेय! कॅमेऱ्याच्या आत सेन्सर असतो, एकदम नाजूक. लेन्स बदलताना त्यावर धूळ बसते. आणि ती काढताना आमची मंडळी जे काही करतात, त्याचे किस्से धुळीपेक्षा लवकर साचतात.

*

सॅव्हिओ वडाळ्याचा. लग्नं, बारशी शूट करतो. एकदा पठ्ठ्याने सरळ तोंडानेच फुंकर मारली. नुकताच वडापाव खाल्लेला! पुढच्या लग्नात नवरीमागच्या पांढऱ्या पडद्यावर ठिपक्यांची रांगोळी.

"धूळ गेली ना पण!" हा म्हणतो.

*

लालबागची वृषाली शिस्तीची. कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून रबरी ब्लोअरने हवा मारली. सगळं नियमाने! फक्त खिडकी उघडी होती आणि खाली बायका मिरच्या कुटत होत्या. धूळ गेली का बघायला ती आत डोकावली, आणि शिंकली. तीनदा!

दुरुस्तीवाला म्हणाला, "मॅडम, पावसात भिजला काय?"

"हो. आतून."

*

अनंतकाका गिरगावचे, रिटायर्ड वकील. सेन्सर पुसायची ओली पट्टी कशी फिरवायची, हे ते आम्हाला स्वतःच्या कॅमेऱ्यावर शिकवत होते. "बॅटरी फुल हवी. मध्येच संपली तर आतला आरसा खाली..."

खट्ट! पट्टी आत अडकली.

काका शांतपणे म्हणाले, "हे असं होतं. डेमो संपला."

*

याच काकांचा वरळी कोळीवाड्याचा फोटो प्रदर्शनात लागला. खाली होड्या, वर आभाळ, आभाळात तीन काळे ठिपके. प्रमुख पाहुणे गहिवरले, "त्या तीन घारींमुळे आभाळ बोलतंय हो!" पहिलं बक्षीस!

मी हळूच विचारलं, "काका, सेन्सर साफ करून देऊ?"

"खबरदार! पुढच्या महिन्यात दुसरी स्पर्धा आहे."

*

सॅव्हिओने लालबागला एक बारसं शूट केलं. अल्बम छापून आला, तर बाळाच्या गालावर काळा डाग. सेन्सरवरची धूळ! त्या गल्लीत पुढची चार कामं मिळायची होती. अल्बम घेऊन हा माफी मागायला गेला.

बाळाच्या मालवणी आजीने फोटो डोळ्यांजवळ धरला. "सून तीट लावूक इसारलली. तू लावलंस, बरा केलंस रे झिला!"

सॅव्हिओच्या जिवात जीव आला. आजीने पान उलटलं. बाळाला घेऊन नगरसेवकसाहेब. डाग यावेळी साहेबांच्या गालावर.

आजीने चष्मा वर केला.

"आणि ह्या मेल्याक कोणाची नजर लागतली?"